एका माणसाची कॅरॅवॅन

कॅरॅवॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, बघायला गेलं की मावशी सगळ्यांना बाहेर काढायच्या, विकणाऱ्यालासुद्धा. "पंधरा मिनिटं मी आत एकटी बसणार," असं सांगून दार लावून घ्यायच्या. मालक माझ्याकडे बघायचा आणि मी आभाळाकडे. सोळाव्या मिनिटाला दार उघडायचं आणि निकाल लागायचा. दोन हजार चौदाच्या त्या उन्हाळ्यात मी असे बरेच निकाल ऐकले. बहुतेक नापासाचेच.

मावशी माझ्या सख्ख्या नव्हेत. हॅमिल्टनच्या रोटोटुना भागात आमच्या शेजारी त्यांचा इंजिनियर मुलगा राहायचा. यजमान गेल्यावर पुण्याचं घर बंद करून त्या इकडे परदेशात त्याच्याकडे आल्या. आयुष्य एका हॉस्पिटलच्या फार्मसीत गेलेलं, त्यामुळे डोळ्यांपेक्षा नाकावर विश्वास जास्त. मी इथे नर्स. "आपल्या लाइनची आहेस," म्हणून त्यांनी मला जे धरलं ते शेवटपर्यंत सोडलं नाही.

मुलाच्या घरात त्यांना काडीचा त्रास नव्हता. सून गुणी, नात लाघवी, खोलीत भरपूर ऊन. तरी एक दिवस चहा पिता पिता म्हणाल्या, "आठवड्यातले तीन दिवस मला एकटीनं राहायचंय. रॅग्लनच्या कॅम्पग्राउंडवर जागा बघून आलेय. कॅरॅवॅन तेवढी शोधायची." बसने समुद्रावर जाऊन, चौकशी करून, परतही आल्या होत्या. वय सदुसष्ट. घरात काही झालं का, असं मी विचारलं. त्यावर मला दिलेलं उत्तरच त्यांनी पुढे सगळ्या हॅमिल्टनला दिलं: "भांडण झालं तरच बाईनं वेगळं राहायचं, असं कुठं लिहिलंय?"

लिहिलेलं नसलं तरी सगळ्यांना पाठ होतं. मुलाचा चेहरा उतरला. "आई, लोक म्हणतील मी तुला घराबाहेर काढलं," एवढंच तो म्हणाला, पण त्याने ते फार मनाला लावून घेतलं. सँडरिंगहॅमच्या भारतीय दुकानांत किराणा भरायला गेलो, तर मिठाईच्या दुकानात एका ओळखीच्या बाईंनी आवाज खाली आणून विचारलंच, "सुनेशी पटत नाही का हो?" मावशी होत्या त्याच आवाजात म्हणाल्या, "छान पटतं. म्हणून तर दर गुरुवारी परत यायचंय." आणि सुनेसाठी पाव किलो पेढे जास्तीचे घेतले.

त्यांची पाहणी औषधं तपासावीत तशी चालायची. आधी कपाट उघडून वास. मग खिडकीखालचा कोपरा अंगठ्याने दाबून बघायचा. तो मऊ लागला की ओल आतपर्यंत मुरलेली. एकाने ताजा रंग देऊन कॅरॅवॅन चकचकीत केली होती. "रंग नवा, वास जुना," म्हणत त्या पायरी उतरल्या. पर्समधून टेप काढायच्या ती पलंग मोजायला नव्हे, तर ओटा मोजायला. पलंगावर माणूस पाय दुमडून झोपतं, पण ओटा उंच असला तर पोळ्या लाटताना खांदा जातो, हे त्यांचं गणित. ते मला आजतागायत कुठल्याच जाहिरातीत सापडलेलं नाही.

माझं गणित वेगळं होतं. माझ्या डोक्यात पाहुणे. पापाकुऱ्याला सहा जण झोपतील अशी कॅरॅवॅन निघाली, तेव्हा आमचा अख्खा मराठी ग्रुप तीन गाड्या करून बघायला गेला. कोण कुठे झोपणार ते ठरलं. दिवाळीचा फराळ तिथेच करायचा, हेही ठरलं. मुलगासुद्धा खुलला. "हीच घे, आई. आम्हीही वीकेंडला येऊ. फॅमिली कॅरॅवॅन म्हणून सांगता येईल." एकटीने राहायची जागा आम्ही चौदा जण मिळून पसंत करत होतो आणि त्यात काही चुकतंय, असं एकालाही वाटलं नाही. मी तर मावशी आत बसलेल्या असतानाच मालकाला "घेतली" म्हणून सांगून टाकलं.

त्या दिवशी पंधरा मिनिटं लागली नाहीत. चौथ्याच मिनिटाला दार उघडलं. "चांगली आहे," मावशी म्हणाल्या. "पण हिच्यात मी यजमानीणच राहीन. चाळीस वर्षं तेच केलंय." मग मुलाकडे वळून म्हणाल्या, "तुझं घर सोडत नाहीये रे मी. सगळ्यांचा चहा करणं सोडतेय. तेही तीनच दिवस." मालकाची माफी मला मागावी लागली आणि ते योग्यच झालं.

शेवटी केंब्रिजजवळ एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे दोन माणसांची, जुनी पण कोरडी ठणठणीत कॅरॅवॅन मिळाली. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली, पंचवीस झाली. मी दार वाजवायला निघाले, तर तो म्हणाला, "लेट हर बी. माय मिसेस डिड द सेम." दार उघडलं तेव्हा मावशी अनवाणी होत्या. आधीच्या एकाही कॅरॅवॅनमध्ये त्यांनी पायातले रबरी जँडल्स काढले नव्हते. निकाल विचारायची गरज पडली नाही.

माझ्या नवऱ्याने ती रॅग्लनला ओढून नेली. समोरासमोरच्या दोन बाकांपैकी एक मावशींनी काढायला लावलं आणि तिथे फळ्या मारून घेतल्या. "आजी, व्हेअर डू आय स्लीप?" नातीने विचारलं. "तुझ्या घरी. गुरुवारी मी येतेच," मावशी म्हणाल्या. आत कप एकच ठेवला होता. भेटायला येतो म्हटलं की फोनवर सांगायच्या, "ये की. आपला कप घेऊन ये." बसायची खुर्ची बाहेर.

मुलगा दोन महिने तिकडे फिरकला नाही. मग एका बुधवारी ऑफिसला दांडी मारून, कप घेऊन गेला. परत आल्यावर मला म्हणाला, "आई आत गात होती. मी बराच वेळ दाराबाहेरच उभा राहिलो. ती गाते हे मी विसरूनच गेलो होतो." त्यानंतर कुणी विचारलं की तोच सांगायचा, "सोमवार ते गुरुवार आई बिझी असते."

पाच वर्षं हे चाललं. मग गुडघ्यांना पायरी झेपेना. कुरकुर न करता एके दिवशी मावशींनी किल्ली माझ्या हातावर ठेवली. "विकायची नाहीये. तुला देतेय. अट एकच, एकटीनं जायचं." मी हसून म्हटलं, घरचे सोडतील होय मला? "त्यांना बाहेर खुर्च्या आहेत," मावशी म्हणाल्या. पुढच्याच हिवाळ्यात त्या गेल्या. मुलाच्याच घरी, सगळ्यांच्यात.

त्यांचे दिवस झाल्यावर मी बॅग भरली. नवऱ्याने दबकत विचारलं, "माझं काही चुकलं का?" मावशींचं ते 'भांडण झालं तरच' वालं वाक्य ओठांवर आलं होतं, पण ते त्यांच्याच तोंडी शोभायचं. "काही नाही चुकलं. गुरुवारी येते," एवढं म्हणून मी निघाले.

रॅग्लनला पोचल्यावर जँडल्स काढले, दार लावून घेतलं आणि घड्याळ लावून बसले. सहाव्या मिनिटाला मला रडू आलं. मावशींची फार आठवण आली, आणि काय झालं म्हणून विचारणारं तिथे कुणी नव्हतं. पंधरा मिनिटं पुरी झाल्यावर उठले, फळीवरचा त्यांचा तो एकुलता कप धुतला आणि एकीपुरता चहा टाकला.