बिनसाखरेची आत्या

आमच्या घराण्यात शुगर नसलेलं एकच माणूस होतं, आणि ही गोष्ट तिनं कधी कुणाला विसरू दिली नाही. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. उदगीरला आमच्या शेजारच्याच घरात राहायची. नव्या माणसाला नाव-गाव नंतर, आधी "मला शुगर न्हाई" एवढं ऐकवायची. लग्नात मुद्दाम बाबांच्या समोरच्या पंगतीत बसायची, जिलेबी उचलून उजेडात धरायची आणि विचारायची, "बापू, वास तरी चालतो का रे तुला?"

बाबा तहसीलमधून निवृत्त झालेले. अख्खं ऑफिस त्यांना टरकून असायचं, पण आत्यापुढं त्यांची डाळ कधी शिजली नाही. बुद्धपौर्णिमेला विहारातल्या खिरीचं पातेलं आत्याच्या ताब्यात असे. सगळ्यांना वाटी भरून खीर, बाबांना रिकामा चमचा. लोक हसायचे, बाबा पाय आपटत घरी यायचे आणि सकाळी परत तिच्याच ओट्यावर चहाला हजर. आमच्या आईच्या हातचा चहा त्यांना चालत नसे, त्यावरून आई वेगळी चिडायची.

आत्याचा दुसरा हट्ट जिल्ह्याचा. उदगीर जिल्हा होणार अशी आवई दर वर्षी उठायची आणि विरून जायची. आत्या म्हणायची, जिल्हा झाला की कलेक्टरला सगळ्यात आधी मी भेटणार. कशाला म्हणून विचारलं तर म्हणे, नळाला पाणी कधी येतंय ते विचारायला. लातूरला रेल्वेनं पाणी आणायची वेळ आली, त्या दुष्काळातल्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. गल्लीत टँकर शिरला की आत्या पदर खोचून सगळ्यांच्या पुढं असायची.

अशाच एका झोंबाझोंबीत पत्र्याचा ड्रम कलंडला आणि त्याच्या गंजक्या कडेनं आत्या आणि बाबा दोघांच्याही पायाला कापलं. बाबा त्याच पावली दवाखान्यात. शुगरवाला माणूस पायाला फार जपतो. रोज पट्टी, रोज गोळ्या. आत्यानं हळद भरली, जुन्या लुगड्याची चिंधी बांधली आणि वर बाबांचीच टर उडवली, "एवढ्याशा कापल्याला दवाखान्यात पळालाय. मला काय शुगर हाय?" आम्हीही हसलो. तिचा पाय बघावा असं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही. शुगर नव्हती ना!

एवढं जपूनही बाबांचा पाय सुजला, ताप चढला. जीप करून त्यांना लातूरला नेलं, आयसीयूत दाखल केलं. आत्या सोबत आलीच. बाहेरच्या बाकावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्या डॉक्टरला बजावत होती, की माझ्या भावाला जपा, तो लई नाजूक हाय. भर मे महिन्यात तिनं शाल गुंडाळून घेतली होती. मला वाटलं, एसी बाधला असेल. मग तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "आई, बापूला दूध दिलंस का?" माझी आजी जाऊन किती वर्षं झाली होती!

मी डॉक्टरांना बोलावून आणलं. त्यांनी तिच्या पायाची चिंधी सोडली. पाय काळानिळा पडला होता आणि आत्याला धाप लागली होती. जंतू रक्तात भिनलेत, भावापेक्षा हिचंच अवघड आहे, असं ते म्हणाले. अहो पण तिला शुगर नाही, असं मी बावळटासारखी सांगत राहिले. डॉक्टर म्हणाले, "जंतू ते विचारून शिरत नाहीत."

तिला बाबांच्या शेजारचीच खाट मिळाली. दुसऱ्या दिवशी मी भेटायला आत गेले, तेव्हा ती जरा शुद्धीवर होती. सिस्टर एकेकाचं बोट टोचून शुगर तपासत होती. आत्याचं बोट टोचलं, मशीनकडं बघितलं आणि म्हणाली, आजी, तुमची शुगर तीनशेच्या वर गेलीय. आत्याचा चेहरा एवढा पडलेला मी जन्मात पाहिला नव्हता. तोंडावरचा मास्क बाजूला सारून ती पुटपुटली, "माझी? न्हाई. मला न्हाई."

मी बाबांकडं पाहिलं. जन्मभर ज्या बहिणीनं त्यांना चारचौघांत चिडवलं, तिच्यावर उलटायची पहिली संधी त्यांना मिळाली होती. बाबा कसेबसे कोपरावर उठले.

"सिस्टर, ती शुगर माझी हाय. तुमची खाट चुकली. आक्काला शुगर न्हाई."

सिस्टर काही बोलणार, तेवढ्यात बाबांनी तिच्याकडं ऑफिसातल्यासारखं रोखून बघितलं. पोरगी समजूतदार होती. हो, चुकलंच माझं, म्हणाली.

आत्याच्या चेहऱ्यावर रंग परत आला. "नीट बघत जा बाई," तिनं सिस्टरला सुनावलं, "बापूला जप."

दुसऱ्या दिवशी आत्या गेली. त्यानंतर बाबा नुसते छताकडं बघत पडून राहायचे. त्यांना घरी सोडायच्या दिवशी डॉक्टर येऊन बसले. त्यांनी सांगितलं, की जंतू रक्तात भिनले की ज्याला मधुमेह नाही, त्याचीसुद्धा साखर चढते. तुमच्या बहिणीच्या जुन्या तपासण्या पाहिल्या, तिला मधुमेह नव्हताच.

बाबांनी ते डॉक्टरांकडून दोनदा वदवून घेतलं.

"म्हंजे तिचंच खरं," ते म्हणाले, आणि लहान लेकरासारखे हुंदके देऊन रडले.