इंद्रायणीच्या तासातला ‘लीव्ह’

माझी मुलगी इंद्रायणी जुळे सोलापुरातल्या एका खासगी शाळेत चार वर्षं इंग्रजी शिकवते आहे. एकाच शब्दावर अख्खा तास घ्यायची तिची पद्धत. या बुधवारी सहावीत तिने फळ्यावर ‘लीव्ह’ लिहिलं आणि मुलांकडून वाक्यं मागितली. गाडी पाचला सुटते, ते लीव्ह. डबा बसमध्ये राहिला, तेही लीव्ह. शिपायाची रजा, आजोबांनी मागे ठेवलेलं शेत, ‘मला एकटं सोडा’, सगळं त्याच शब्दात. एक मुलगा म्हणाला, “मिस, माझ्या मावशीनं जॉब लीव्ह केला, आता ती जाड झालीय.” जेवताना हे सांगून ती हसली. माझ्या डोक्यात मात्र बार्शी होती.

बार्शीच्या अनुदानित शाळेत तिची निवड झाली आहे. सोमवारी मूळ प्रमाणपत्रं दाखवायची, नाहीतर यादीतल्या पुढच्याला बोलावणार. आणि प्रमाणपत्रं इथल्या शाळेच्या लोखंडी कपाटात. वर्षाच्या मध्येच कुणी जाऊ नये म्हणून रुजू होतानाच सगळ्यांची ठेवून घेतात. तेव्हा तिला ताप होता, फाइल मीच नेऊन दिली. मी बी.ए. झालेली बाई, पोच मागायचं सुचलं नाही. उलट तिथे कसर लागू नये म्हणून प्रत्येक कागद लॅमिनेट करून दिला.

गुरुवारी ती मुख्याध्यापकांना भेटली. “एप्रिल संपू दे,” म्हणाले आणि पाच दिवसांसाठी पुण्याला गेले. शुक्रवारी तिने क्लार्क ईश्वरप्पांना गाठलं.

“किल्ली सरांकडं हाय की, मॅडम.”

“दुसरी?”

“तीबी तितंच. माझी दहावीची मार्कलिस्टबी त्यातच हाय, सतरा वर्षं झाली. लई सुरक्षित हाय बघा.”

“पुण्याला सरांना फोन मी लावते,” संध्याकाळी ती घरी आल्यावर मी म्हटलं.

“नको, आई. ते तुझ्या गुडघ्यांची चौकशी करतील आणि तू थँक्यू म्हणून ठेवून देशील.”

खरं आहे ते.

आज रविवारी तिने बार्शीला फोन करून दोन दिवस मागितले. पलीकडच्या बाई गोड बोलल्या, पण सोमवार म्हणजे सोमवार. फोन ठेवून ती वह्या तपासायला बसली. मी दारात उभी राहिले. विचारलं, “उद्या डबा कितीला लागेल?”

“रोजच्याच वेळेला,” ती वर न बघता म्हणाली. “भाकरी एकच दे.”