पडद्यावर न उमटलेलं उणे

लशींच्या गोदामातल्या भांडारपालाला सगळे थंडोबा म्हणत. घरात आग लागली तरी हा आधी चपला जोडीने लावून ठेवील, असा स्वभाव. आज मात्र त्याच्या तळहातांना घाम फुटला होता.

गोठणखोलीत तान्ह्या बाळांच्या लशी. आतलं तापमान कायम उणे वीस. ते सांगणारी यंत्रणा जुनी, नव्या कंप्युटरवर ती एका काळ्या खिडकीत उघडायची. साधे आकडे नीट दिसत, पण त्यापलीकडची चिन्हं ती खिडकी गिळून टाकी. तक्त्याच्या रेघांच्या जागी भलतीच अक्षरं, आणि उण्याच्या जागी काहीच नाही. “आत उणेच असतं की!” म्हणून सगळे ते मनानेच लावून वाचत.

आज आकडे आले ते असे: वीस, बारा, सहा, एक. मग तीन. आता पाच.

एकवरून गारठा परत फिरला, की शून्य ओलांडून लशी तापायला लागल्या? गारठा परतत असेल तर दार उघडून तो घालवणं पाप. नसेल तर दार न उघडणं त्याहून मोठं पाप. दारावरचा तापमानाचा काटा कधीचाच मोडलेला.

त्याने मेहुणीला फोन लावला. कंप्युटर तिनेच बसवला होता.

“भाऊजी, कधीची बोंबलतेय मी, चिन्हं दाखवणारा तो कॅरेक्टर सेट बदलून घ्या म्हणून! तुमचं आपलं, चालतंय गं.”

“अगं, तुझ्या ताईसमोर हवं तेवढं ओरड. आधी सांग, कुठे दाबू?”

“खिडकीच्या वरच्या पट्टीवर. सेटिंग उघडा. यादी दिसेल, त्यातला एकेक सेट लावून बघा.”

“खिडकीच बंद पडली तर?”

“नाही पडत. आणि माउस आपटू नका, इथपर्यंत ऐकू येतंय!”

पहिला लावला, काही फरक नाही. दुसऱ्याने पडदाभर प्रश्नचिन्हं सांडली. मनात देवाचं नाव घेत त्याने तिसरा दाबला.

वेड्यावाकड्या अक्षरांच्या जागी चौकटीच्या सरळ रेघा उभ्या राहिल्या. वीसच्या आधी उणे होतं. बारा, सहा, एक, त्यांच्याही आधी. तीनच्या आधी नव्हतं. पाचच्याही नाही. त्याखाली नुकताच सहा उमटला, तोही बोडका.

“भाऊजी? अहो, बोला ना!”

“ठेव. शून्याच्या वर गेलंय.”

त्याने हमालांना हाका मारल्या, शेजारची गोठणखोली उघडायला लावली आणि स्वतः या खोलीचं दार ओढलं. तोंडावर गारठा आलाच नाही. पहिल्या खोक्याचा पुठ्ठा ओलसर लागला. त्याने झाकण उचकटून बाटली चाचपली. आतला लशीचा गोठलेला गोळा अजून घट्ट होता.

“पळा रे!” असं ओरडत ते खोकं छातीशी धरून तो सगळ्यांच्या पुढे धावत सुटला.