बिनगाठीची पट्टी

पहिल्या भेटीत आक्कांनी माझं नाव विचारलं नाही. माझा पदर हातात घेतला आणि माझ्या तोंडाकडं बघत त्याचा काठ दोन बोटांतून सरकवत नेला. वीतभर गेल्यावर थांबल्या. "हितं धागा तुटलाय. विणकरानं गाठ मारून झाकलाय. तुझ्या बोटाला लागतीय का बघ." मी बघितलं. लागली. "मग ये उद्यापास्नं," म्हणाल्या. झाली मुलाखत.

मी तेव्हा निपाणीत विड्या वळायची. कारखान्यातली पट्टी तपासायला आक्कांना तसल्याच पोरी हव्या असत. "इनकी उंगली आँख से अच्छी," असं त्या माल बघायला येणाऱ्या दिल्लीच्या लष्करी साहेबालाही ऐकवत. त्यांची हिंदी ऐकून साहेब घाईघाईनं मान डोलवायचा.

आक्का वडगावच्या विणकराची लेक. घरातल्या चार मागांवर लुगडी निघायची. सत्तर सालानंतर त्यांनी लुगडी सोडली आणि लष्कराच्या पॅराशूटला लागणाऱ्या नायलॉनच्या पट्ट्या विणायला घेतल्या. दहा वर्षांत मोठी शेड झाली, साठ माणसं झाली, दारावर 'मॅनेजिंग डायरेक्टर' अशी पाटी लागली. भावकीतले लोक पाटी वाचून हसत. "हसू देत. त्यास्नी कुठं इमानातनं उडी मारायची हाय?" एवढंच आक्का म्हणायच्या.

कारखान्यात नियम एकच. धागा तुटला की माग बंद करायचा, पट्टी तिथंच कापायची, तुकडा लाल पेटीत टाकायचा. गाठ मारायची नाही. "लुगड्यात गाठ मारली तर बाई फसती. ह्यात मारली तर माणूस खाली येतोय," असं त्या प्रत्येक नव्या कामगाराला सांगत.

हा नियम सर्वांत जड गेला तो त्यांच्या वडिलांना. आप्पा सत्तरीचे, तरी माग सोडायला तयार नव्हते. सारं आयुष्य गाठ लपवण्यात गेलेलं. त्यांच्या हातची गाठ वडगावात कुणाला सापडत नसे, हीच त्यांची कीर्ती. चांगली पट्टी कापायची म्हटलं की त्यांचा जीव कासावीस व्हायचा.

एका उन्हाळ्यात दोन लष्करी अधिकारी आले. सरावाच्या उडीत पट्टी तुटून एक जवान गेला होता. टेबलावर ठेवलेला तुकडा आमचाच होता आणि त्याच्या तपासणीच्या चिठ्ठीवर सही माझी. अधिकारी तसे सौम्य होते. पट्टी कुठंतरी घासली असेल, नक्की सांगता येत नाही, तसंच लिहून टाकू, असं म्हणाले.

आक्कांनी तुकडा बोटांतून सरकवला. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा तुटक्या टोकाजवळ बोट थांबलं. त्या तुकडा घेऊन शेडमध्ये गेल्या. मी मागोमाग.

"आप्पा, हे बघा."

आप्पांनी बोट फिरवलं आणि चक्क हसले. "माझीच हाय की. सात-आठ धागं एकदम गेलतं. तुला घावली व्हय? म्हंजे शिकिवल्यालं वाया न्हाय गेलं."

"आप्पा, एक पोरगं मेलं."

शेजारचे माग चालू होते. त्यांना ऐकू गेलं नाही. त्यांनी कान पुढं केला आणि आक्कांना तेच वाक्य पुन्हा, ओरडून सांगावं लागलं.

परतताना मी म्हणाले, "आक्का, साहेबच घासली म्हनत्यात. ऱ्हाऊ द्या की." मला माझ्या सहीची भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू?

"घावल्याली गाठ घावली न्हाय म्हणू?" त्या थांबल्या. "तुझ्या बोटाचा दोष न्हाय, सुमे. मलाबी तीन खेपा लागल्या."

गाठ आमच्याच मागावर मारली गेली, जबाबदारी माझी, असं त्यांनी स्वतःच्या हातानं लिहून दिलं. आप्पांचं नाव घातलं नाही, माझंही नाही.

वर्षाच्या आत लष्कराचं काम बंद झालं. माग भंगारात गेले. घरी बसलेल्या साठांतल्या कितीतरी जणांनी आक्कांना शिव्या दिल्या. आठ दिवस मीही दिल्या. आप्पा पुन्हा मागावर बसले नाहीत. जेवता जेवता मधेच विचारत, "त्या पोराचं नाव काय गं?" आक्कांनी लष्कराला तीन पत्रं पाठवली. उत्तर आलं नाही. नाव न कळताच आप्पा गेले.

मी निपाणीला परतून विड्या वळायला लागले. काही वर्षांनी आक्का अंथरुणाला खिळल्याचं कळलं, म्हणून भेटायला गेले. साखरेच्या आजारानं त्यांची बोटं बधिर झाली होती, हे त्यांच्या लेकीनं मला दारातच हळू आवाजात सांगितलं. मी जवळ टेकले तशी त्यांनी सवयीनं माझा पदर घेतला आणि काठ सरकवत गेल्या. तो पदर मीच सांधलेला, त्यावर ज्वारीच्या दाण्याएवढी गाठ. बोट तिच्यावरून सरळ पुढं गेलं.

"बिनगाठीचं हाय," आक्का समाधानानं म्हणाल्या.

त्यांनी मला एकच गोष्ट शिकवली होती, आणि तीच मला त्यांच्यासमोर करता आली नाही. मी म्हणाले, "व्हय, आक्का."