पानिपतच्या अंगणातली शिडाची बोट

"वहिनी, मराठी माणसाने पानिपतला काही घ्यायला जाऊ नये गं, देऊनच येतो आपण!" बोट बघायला निघालोय म्हटल्यावर फोनवर नणंद खो खो हसली.

हसो बापडी. पण यांचा जीव त्या बोटीत अडकला होता. पुढच्या महिन्यात हे रिटायर, म्हणजे दिल्लीतलं, लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर सोडायचं. पुंजी एकच, खर्चही एकदाच होणार: गुडगावात पंधराव्या मजल्यावर फ्लॅट, नाहीतर पेपरातल्या जाहिरातीतली ही जुनी बोट. बोट घेतलीच तर राहायला वेंगुर्ल्यात माझ्या वाटणीच्या दोन खोल्या आहेत. कॉलेजात एनसीसीच्या नेव्हल विंगमध्ये शिडाची होडी चालवायला शिकलेले हे, आयुष्यभर फायली उपसूनही ते विसरले नव्हते. मी मात्र 'नाही' म्हणायचं ठरवूनच गाडीत बसले. आमची सई, दिल्लीत वाढलेली, ऑफिसला पळता पळता विचारते, "आई, यार, शीड म्हणजे एक्झॅक्टली काय?" घ्या!

जीटी रोडने जाणार असाल तर ऐन थंडीत धुकं विरल्याशिवाय निघू नका. आम्ही फेब्रुवारीअखेर गेलो, ऊन छान होतं. जागोजाग फ्लायओव्हरची कामं चाललीत, त्यामुळे धूळ मात्र भरपूर. गाडी नसेल तर काश्मिरी गेटहून बस सारख्या सुटतात. मुरथलला पराठा खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नये. वर लोण्याचा हा एवढा गोळा! दोघांत एक पुरेल, ढाबेवाला म्हणाला; आम्ही तीन मागवले आणि बिलही अगदी माफक आलं.

खुरानासाहेबांचा चादरींचा कारखाना पानिपतच्या जरा बाहेर आहे. एक्स्पोर्टचा पैसा नवा नवा आला तेव्हा त्यांनी मुंबईत एका परदेशी गृहस्थाकडून ही बोट घेतली आणि ट्रेलरवर घालून इथे आणली. हायवेवर हॉटेल काढायचं, दारात बोट उभी करायची, लोक थांबतीलच, असा हिशेब. हॉटेल राहिलं बाजूला. बोट अंगणात टेकूंवर उभी, आणि शेडला आडव्या टेकवलेल्या डोलकाठीवर सुताच्या ओल्या लडी वाळत घातलेल्या, लाल, मोरपंखी, हळदी. मला हसूच फुटलं.

हे मात्र हसले नाहीत. बोटीभोवती नुसत्या प्रदक्षिणा. मुलगी पसंत पडलेल्या नवरदेवाला दोष दिसेल तर शपथ!

"देख लीजिए साहब, एकदम टनाटन," खुरानासाहेब म्हणाले.

म्हटलं, आता आपणच बघावं. दिल्लीतल्या एकाही उन्हाळ्यात मी माठ वाजवल्याशिवाय घरात आणलेला नाही. बोट फायबरची, तीही बोलेलच की. गाडीतला स्क्रूड्रायव्हर आणला, उलटा धरला आणि त्याच्या मुठीने टोकापासून सुरुवात केली. टक्, टक्, टक्.

"मॅडम, ये मटका थोड़े ही है!"

"वही देख रही हूँ, भाईसाहब."

उजव्या कुशीत, ताज्या रंगाखाली, एकदम आवाज बसला. बद्द. पुन्हा वाजवलं, पुन्हा बद्द. खुरानासाहेब लडींकडे बघायला लागले. यांनी कान लावला आणि चेहराच उतरला.

"टेकूच्या दाबाने आतले थर सुटलेत," हे हळूच म्हणाले. "चल, निघू या."

इतकं सहज! बदली, प्रमोशन, सगळ्यात या माणसाने असंच 'चल, निघू या' केलेलं मी पाहिलंय. मला एकदम भडभडून आलं, आणि त्याहून जास्त राग आला.

"थांबा हो जरा! हे दुरुस्त होतं की नाही?"

"होतं. तेवढं कापून नवे थर चढवायचे. ताटाएवढीच जागा आहे."

"मग बाकीची वाजवू द्या की मला!"

अख्खी बोट वाजवली, खालून, मागून, शिडीवर चढून. सगळी खणखणीत. हात भरून आला, पण काय तो आवाज!

"रंग नया है, आवाज पुरानी है," मी खुरानासाहेबांना म्हटलं. "दाम भी पुराना लगाइए." ते आधी गोरेमोरे झाले, मग मोठ्याने हसले आणि चहा मागवला. किंमत चांगलीच उतरली. वर ट्रेलर आणि दोन चादरीही मिळाल्या.

मग मी यांच्याकडे वळले आणि म्हटलं, "घ्या." हे तडक शिडीने वर चढले, सुकाणू धरलं आणि माझ्याकडे बघून लहान पोरासारखे हसले.

परतताना काला आंबला, लढाईच्या स्मारकाशी, जरूर थांबा. आम्ही हात जोडले. तिथूनच नणंदेला फोन लावला. "या खेपेला घेऊन आलो गं!"

घरी पोचलो तर कुलूप उघडेपर्यंत फोन वाजायला लागला. गुडगावच्या फ्लॅटचा एजंट. "मॅडम, वो लेक व्ह्यू वाला फ्लॅट?" लेक कुठला तर अजून खणायचाय!

"नहीं भैया, हमने ले लिया."

"अच्छा? किस सेक्टर में?"

"अरब सागर में."

"नया सेक्टर होगा," तो बिचारा म्हणाला. "पझेशन कब मिलेगा?"

हे दारातच उभे होते, काखेत चादरी आणि चेहऱ्यावर अजून तेच हसू.

"पझेशन मिल गया," मी म्हटलं.