काळपोटीची जागा

गिरजाकाकू वैनगंगेच्या वाळूत उतरली की आधी चपला काढून हातात घ्यायची. चैताच्या दुपारी ती वाळू पाय भाजून काढते. मी आपला चपला घालूनच मागून चालायचो आणि बोलणी खायचो. "अंडं पायाले लागते गा, चपलीले काय समजते? फुटल्यावर पाहून काय करशीन?"

मार्कंड्याच्या देवळाखाली, नदी आटली की आमची आणि तिची डांगराची, म्हणजे टरबुजाची, वाडी शेजारी शेजारी असायची. तिथेच उघड्या वाळूत काळपोटी अंडी घालायची. हे नाव काकूनेच दिलेलं. पुस्तकात तिला काळ्या पोटाचा सुरय म्हणतात. समुद्रपक्ष्यांच्या कुळातली, पण नदीला चिकटून राहिलेली. काकू लग्न होऊन आली तेव्हा म्हणे यांच्या कलकलाटात माणसाचं बोलणं ऐकू येत नसे. मग वाळूचे ट्रक आले, जत्रेमागून गावकुत्री आली, वरच्या धरणाचं पाणी अवेळी यायला लागलं. शेवटी आमच्या काठाला एकच जोडी उरली. ती टिकावी म्हणून काकूने जिवाचं रान केलं. घरच्यांना ते खूळ वाटे.

"तिले दुसरं ठिकाण कुठी आहे?" ती म्हणायची. "माह्यासारखीच आहे ते. रेती गेली का संपली."

एका वर्षी उन्हाळा फार तापला. मादी सारखी उठून नदीवर जायची, पोट भिजवून यायची आणि ओल्या पिसांनी अंडी निववायची. काकूला ते बघवेना. कोवळी डांगरं आम्ही गवताने झाकतो, तसंच तिने मोठ्या मायेने अंड्यांवर गवत पसरलं. "थोडा थंडावा राहीन बिचारीले." मादी परतली, ओरडत घिरट्या घालत राहिली, पण खाली उतरेना. आपली जागाच तिला ओळखू येत नव्हती. काकूने धावत जाऊन गवत ओढून काढलं, तोवर जोडी पलीकडच्या तीराकडे निघून गेली होती. अंडी उन्हात तशीच पडून राहिली.

काकूला मी रडताना पाहिलं ते तेव्हाच. "डांगर समजली गा मी त्याइले," म्हणाली.

पुढच्या हंगामात तिने वाडीचा पाण्याकडचा चांगला तुकडा न लावता सोडला. मुलगा चिडला, तरी ऐकलं नाही. दिवसभर लांब बसून ती रिकाम्या वाळूवरची कुत्री हाकलायची. काळपोटी आली नाही. त्यानंतरही कधी नाही. पुढे मी ऊर्जानगरला नोकरीला लागलो. सुट्टीत गेलो की तिचा पहिला प्रश्न ठरलेला, "तुह्या तिकडे दिसली का गा कुठी?" खोटं बोलावंसं वाटे, पण तिच्यापुढे जमत नसे.

गेल्या पावसाळ्यात काकू गेली. यंदा वाडीवर गेलो तर तिच्या सुनेने, मंदाने, वेल लावले होते. पाण्याकडचा तुकडा मात्र मोकळाच होता.

"हे काऊन सोडलं, मंदा? आता कोण येते इथी?"

तिने हातातली घागर खाली ठेवली. "येत नाई, मले मालूम आहे. पण आली त बसन कुठी?"

त्या तुकड्याकडे जाताना मी चपला काढून हातात घेतल्या. वाळू चांगलीच तापली होती. मी या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश चालत गेलो. पायाला काहीच लागलं नाही.