शेवटची नळी

प्रयोगशाळेतल्या रक्ताच्या नळ्या सांभाळणं हे ताईचं काम. साहेबांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे तिला ताईच म्हणत. डीप फ्रीझरचं दार ती इतक्या चटकन उघडून मिटायची की आतल्या थंडीलाही पत्ता लागू नये. नळ्यांवर नावं नसत, नुसते आकडे. त्यातला एक आकडा तिला तोंडपाठ होता. ती नळी तिच्या धाकट्या भावाची.

धाकटा म्हणजे कामाचा ना धामाचा. आज ही नोकरी, उद्या ती, आणि सगळीकडे उशीर. पण घरात भांडण पेटलं की त्याने एक फालतू विनोद करावा आणि मोठ्यांनी निमूट गप्प बसावं. रक्ताचा कर्करोग निघाला तेव्हा उपचारांआधी त्याने संशोधनासाठी रक्त दिलं. "आता तरी कामाला लागलो म्हणा," असं आईला म्हणाला. पुढे वर्षही काढलं नाही त्याने.

त्यानंतर आई अधूनमधून विचारायची, "आहे ना गं तो तिथे?" ताई म्हणायची, "आहे." त्याच्या बाकीच्या नळ्या एकेक करून वापरून झाल्या होत्या. शेवटची तिने सगळ्यांच्या मागे सरकवून ठेवली होती. कोणी मागितलं की दुसऱ्याची नळी पुढे करायची. हे बरोबर नाही हे तिला कळत होतं. ते दुसरेही कोणाचे तरी भाऊच होते.

मग प्रयोगशाळेतल्या संशोधक मॅडमनी मायक्रोआरएनएचं काम हाती घेतलं. पेशीतले हे इवलेसे धागे, मोठमोठ्या जनुकांना 'आता पुरे' म्हणणारे. रक्ताच्या काही कर्करोगांत त्यातलाच एखादा कमी पडतो, आणि कच्च्या पेशी पिकायचं सोडून नुसत्या वाढत सुटतात. ऐकताना ताईला धाकटाच आठवला. मॅडमना उपचारांआधीचं रक्त हवं होतं, आणि हव्या त्या प्रकारची एकच नळी उरली होती, धाकट्याची.

"ताई, मिळेल का?" त्यांनी विचारलं. नाही म्हटलं असतं तर कोणी मागे हात घालून शोधलं नसतं.

ताईने हातमोजे चढवले आणि नळी बर्फात ठेवली. एकदा वितळलेलं पुन्हा गोठवायचं नाही, हे तिनेच सगळ्यांना शिकवलं होतं. वितळेपर्यंत ती शेजारी बसून राहिली. त्याच्या आजारपणात बसायची तशी.

संध्याकाळी आईने विचारायच्या आधीच ती म्हणाली, "आई, तो आज कामाला लागला."

कपड्यांची घडी घालणारे आईचे हात थांबले. मग हातातली घडी पुरी करून तिने विचारलं, "उशीर तर केला नाही ना त्याने?"

"नाही," ताई म्हणाली. "उशीर मी केला."